आत्याच्या हातचं खाणं

नुसतं ऐक. मधे "पण" म्हणायचं नाही, "मग?" म्हणायचं नाही, चहा गार झाला तर होऊ दे. रविवारी आत्याकडे जे झालं ते मी अजून कुणालाच धड सांगितलेलं नाही, आणि आता नाही सांगितलं तर माझं पोट फुटेल.

तर रविवार, दुपार. आत्याच्या घरी आम्ही सगळे जमलेलो, कारण शुक्रवारी तिचा निरोप समारंभ. निवृत्त होतेय ना ती. आख्खं आयुष्य एका रिसेप्टरवर घालवलेली बाई! आतोबा सगळ्यांना सांगत सुटतात, "आमचं लग्न झालं तेव्हा हिचं आधीच जमलेलं होतं, त्या रिसेप्टरशी. मी आपला दुसरा."

मागे मी तुला हे अर्धवट सांगितलं होतं, पण परत सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलंय. पेशीच्या दारावर एक बेल असते असं समज. बाहेरून सेरोटोनिन येतं आणि ती बेल दाबतं. मग पेशीच्या आत धावपळ सुरू होते. ती बेल म्हणजे रिसेप्टर. सेरोटोनिनला कुणी "आनंदाचं रसायन" म्हटलं की आत्या अशी बघते की माणूस परत म्हणत नाही. "आनंद बिनंद तुमचा तुम्ही बघा," म्हणते, "मी फक्त बेल बघते." आणि बेलची एक गंमत आहे. कुणी तिच्यावर बोट दाबूनच धरलं, तर घरातले काय करतात? वैतागून तार काढून ठेवतात. पेशीही तेच करते. सतत सेरोटोनिन मिळालं की ती बेल आत ओढून घेते. बहिरी होते. हे लक्षात ठेव.

आता आत्याचं सगळ्यात मोठं काम कुठलं, तर मुकी बेल. त्या रिसेप्टरच्या जनुकात एका ठिकाणी छोटासा बदल असलेली माणसं असतात. आत्याने आणि वहिनीने तो बदललेला रिसेप्टर पेशींमध्ये घालून बघितला, आणि दाखवून दिलं की तो वाजतच नाही. कितीही सेरोटोनिन ओता, हूं की चूं नाही. तो पेपर जगभर वाचला गेला. लोकांनी पुढचं सगळं त्याच्यावर रचलं. आणि वहिनी म्हणजे कोण, तर तेव्हा आत्याची विद्यार्थिनी. आमचा दादा, आत्याचा मुलगा, आईला डबा द्यायला प्रयोगशाळेत जायचा, तो डबा देऊन झाल्यावरही तास तास तिथेच! ते लग्नाचं रामायण तुला माहितीच आहे. म्हणून वहिनी आजही प्रयोगशाळेत आत्याला "मॅडम" म्हणते आणि घरी "आई". आणि घरी चुकून "मॅडम" म्हणाली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

अजून एक सांगायचं राहिलं. आत्याच्या प्रयोगशाळेत एक पद्धत आहे, जी दुसरीकडे कुठेच नाही. पेशींचं खाणं ती स्वतः बनवते. खाणं म्हणजे ते गुलाबी पाणी असतं ना, त्यात साखर, क्षार आणि वासराच्या रक्तातलं सीरम. बाकी सगळीकडे हे काम सगळ्यात नवीन विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. आत्याकडे नाही. दर सोमवारी सकाळी बाई उभी राहणार, बाह्या वर करून, आणि म्हणणार, "खाणं माझ्या हातचं. संशोधन तुमचं तुम्ही करा." आणि बाटल्यांवर फक्त पेशींचं नाव लिहिणार. आत काय घातलंय ते लिहिणार नाही. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कोणी चिठ्ठ्या लावतं का? ज्याने भरलं त्याला माहीत असतं."

आता मी. मी गेले काही महिने तिथे प्रोजेक्ट करतेय, हे तुला माहीत आहे. माझं काम फालतू होतं. जुन्या मुक्या पेशी गोठवलेल्या होत्या, त्या जाग्या करायच्या, जुनाच प्रयोग परत करून आकडे जुळतात का बघायचं, आणि मग त्यांच्यावर एक नवं औषध घालायचं. पण आत्या निरोपाच्या गडबडीत. आज या विभागात चहा, उद्या त्या विभागात भाषण. खाण्याची बाटली संपली. मी म्हटलं, कशाला तिला त्रास? पेपरमध्ये पद्धत छापलेलीच आहे, मी बनवते. सीरम साधं नाही चालत बरं का. रक्त गोठताना त्यातून सेरोटोनिन सुटतं, ते सीरममध्ये उतरतं. म्हणून सेरोटोनिनच्या पेशींना डायलिसिस केलेलं सीरम घालायचं, धुऊन घेतलेलं म्हण हवं तर. पेपरमध्ये तसंच लिहिलेलं. मी तसंच केलं.

आणि मुकी बेल वाजली.

यंत्राच्या पडद्यावर रेघ सपाट राहायला हवी होती. ती अशी वर गेली, बाई, की मला वाटलं मी चुकीची प्लेट ठेवली! परत केलं. परत वर. मग मी मुद्दाम थोड्या पेशी साध्या सीरमवर वाढवल्या. त्या मुक्या. ढिम्म. म्हणजे बेल मुळात मुकी नव्हतीच! तिच्यावर कुणीतरी बोट दाबून धरलं होतं.

मी धावत वहिनीकडे गेले. आत्याकडे नाही गेले, हे खरं. वहिनी तेव्हा व्हरांड्यात फोनवर होती, मी त्या रेघांचा फोटो तिच्या नाकासमोर धरला. तिने फोन ठेवला. एकच प्रश्न विचारला, "सीरम कुठलं?" मी सांगितलं. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "रविवारपर्यंत कुणाला बोलू नकोस. मला विचार करू दे."

विचार कसला, तर मंगळवारी संस्थेची बैठक होती. आत्यानंतर प्रयोगशाळा कुणाला द्यायची त्याची. जवळजवळ ठरलेलंच होतं, वहिनीला. सगळी वर्षं ती त्यासाठीच राबली. आणि सगळं उभं कशावर, तर मुक्या बेलच्या पेपरवर, ज्याच्यावर पहिलं नाव वहिनीचं.

आता कळलं ना, रविवारी मला घास का गिळवत नव्हता?

जेवणं झाली. उकडलेली अंडी, भाजलेले बटाटे, सूप. दादाने सूप केलं होतं आणि त्यात मीठ नव्हतं. आतोबा उठले. आतोबा रेडिओवर बातम्या वाचायचे, अजूनही दूध संपलं हेही ते राष्ट्रीय संकट असल्यासारखं सांगतात. शुक्रवारी घरच्यांतर्फे बोलायचं होतं त्यांना, त्याची तालीम. घसा खाकरला, चष्मा चढवला.

"मान्यवरहो," आतोबा म्हणाले.

"इथे मान्यवर कोण आहे?" बाबा म्हणाले. माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे ते सगळ्यांकडे डोळे तपासत असल्यासारखे बघतात. "भाऊजी, जरा हळू. शेजारचे मुजरा करायला येतील."

"मधे बोलू नका. मान्यवरहो, माझ्या पत्नीने जगाला एक मुकी बेल ऐकवली..."

मला ठसका लागला. पाणी, पाठीवर थापा, सगळं झालं. आतोबांनी परत सुरुवातीपासून घेतलं. "...एक मुकी बेल ऐकवली..." मला परत ठसका.

"टिटवे," आत्या म्हणाली, मला ती टिटवीच म्हणते, "तुला त्या वाक्याचं काय वावडं आहे? वाक्य वाईट आहे हे मलाही मान्य आहे. मुकी बेल ऐकवली कशी?"

"ही उपमा आहे," आतोबा म्हणाले, अगदी दुखावलेल्या आवाजात.

सगळे हसले. वहिनी हसली नाही. ती उठून बशा गोळा करायला लागली, भरलेल्यासुद्धा.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिने मला नंतर सांगितलं. तिला मुक्या बेलच्या पेपरच्या वर्षातला एकच आठवडा सारखा डोळ्यांपुढे येत होता. तिचे वडील दवाखान्यात होते, आणि ती पेशी सोडून तिकडे गेली होती. जाताना त्या बदललेल्या पेशी मरायला टेकल्या होत्या. अशक्त, बशीच्या तळाला चार इकडे, चार तिकडे. तिने मनात त्यांच्यावर पाणी सोडलं होतं. परत आली, वडिलांचं सगळं आटोपून, आणि बघते तर पेशी अशा गुबगुबीत, बशी भरून! तिला इतका आनंद झाला म्हणे, त्या दिवसांत झालेला तेवढा एकच आनंद. तिने विचारलंच नाही, या जगल्या कशा. फ्रीजरमध्ये खाण्याचा मोठा साठा होता, त्यांच्या नावाचा, मॅडमच्या अक्षरात. तोच वापरत गेली. पुढचे सगळे प्रयोग त्याच्यावर. आणि पेपर लिहिताना पद्धतीच्या भागात तिनेच लिहिलं, डायलिसिस केलेलं सीरम. कारण नेहमी तेच असायचं.

व्हरांड्यात तिला एका क्षणात सगळं कळलं होतं. खाणं कुणाच्या हातचं, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगायला लागतं का?

ती स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे दादा, दादामागे मी. दादा शाळेत गणित शिकवतो. त्याला सगळं उत्तर आलं पाहिजे आणि लगेच आलं पाहिजे. वहिनीने नळ सोडून, हळू आवाजात त्याला सांगितलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तो माझ्यावरच उखडला.

"तुला कुणी सांगितलं होतं जास्तीची अक्कल चालवायला? आकडे जुळवायचे होते ना? जुळवायचे आणि गप्प बसायचं."

"जुळले नाहीत, दादा."

"मंगळवारनंतर जुळले नसते तर चाललं नसतं?"

"तिच्यावर ओरडू नकोस," वहिनी म्हणाली.

"मग कुणावर ओरडू? आईवर? शुक्रवारी तिचा निरोप आहे!" तो ओट्याला टेकला, आणि आवाज एकदम खाली आला. "हे बघ. मंगळवार जाऊ दे. शुक्रवार जाऊ दे. मग सांगू सगळ्यांना. काय बिघडतं? जग इतकी वर्षं थांबलं, अजून एक आठवडा थांबेल."

खरं सांगू? मला ते पटलं. अगदी पटलं. वहिनीलाही पटल्यासारखं वाटलं, कारण तिने नळ बंद केला. तेवढ्यात बाबा आत आले, रिकामा पेला घेऊन, पाणी प्यायला म्हणून. पण बाबांना तहान कधी लागते आणि कधी नाही हे मला चांगलं कळतं.

"तिघं मिळून दोन बशा धुताय," ते म्हणाले. "काय झालंय?"

बाबांनी एकेकाकडे बघितलं, नंबर काढत असल्यासारखं. मग माझ्याकडे वळले. "टिटवी गप्प आहे. म्हणजे मोठं आहे."

मी सांगितलं. काय करणार? बाबांपुढे मला जमतच नाही. दादा म्हणाला, "मामा, तुम्ही तरी हिला समजवा, आठवडाभराचा प्रश्न आहे." मला वाटलं बाबा दादाचीच बाजू घेणार. बाबांचा धर्मच तो, भांडण नको. पण ते पेला खाली ठेवून म्हणाले, "आठवड्याने तिला कळलं की आपल्याला रविवारी माहीत होतं, तर? शुक्रवारी ती तिथे उभी राहून टाळ्या घेईल, आणि आपण खाली बसून वाजवू. तुला वाटतं ताई त्या टाळ्या विसरेल?"

"तिला वाईट वाटेल म्हणूनच..."

"वाईट वाटेलच रे. पण सूनबाई, तू सांग. तुझं काय?"

वहिनीने ओल्या हातांकडे बघितलं. "मला प्रयोगशाळा हवी आहे, मामा," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? खूप हवी आहे."

इतकं साधं म्हणाली ना ती!

"काय खलबतं चाललीत?" दारात आत्या! मागे आतोबा, हातात भाषण. "मी निवृत्त होतेय, मेले नाहीये. सगळे इथे येऊन का रडताय?"

"कुणी रडत नाहीये, मॅडम," वहिनी म्हणाली.

आणि झालं. आत्याने तो शब्द ऐकला. ती आत आली, स्टूल ओढलं, बसली. "बोल," म्हणाली.

दादा म्हणाला, "आई, काही नाही, उगाच..." आत्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. मग बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मोबाइल काढला, दोन रेघांचा तो फोटो. एक वर जाणारी, एक सपाट. सगळं सांगितलं, एका दमात, मधे श्वासही घेतला नसेल.

तुला वाटेल ती ओरडली. नाही. तुला वाटेल रडली. तेही नाही. तिने फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि विचारलं, "साध्या रिसेप्टरच्या पेशीही साध्या सीरमवर वाढवून बघितल्यास?"

"हो. त्यासुद्धा मुक्या होतात."

"शाबास. मी हेच विचारलं असतं." मग तिने मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. "मी घातलं होतं," ती म्हणाली. "साधं सीरम. मला आठवतंय ना."



"तू वडिलांपाशी होतीस," ती वहिनीला म्हणाली. "मी सोमवारी आले, बघते तर तुझ्या पेशी शेवटचे आचके देताहेत. धुतलेलं सीरम म्हणजे पथ्याचं खाणं. त्यात कस नसतो. मला वाटलं, ही तिकडे बाप जाताना बघतेय, परत आल्यावर इथेही मेलेलीच बशी बघायची का हिने? म्हटलं, चार दिवस जरा पोटभर खाऊ घालू. तब्येत धरली की परत पथ्यावर आणू." तिने चष्मा परत नाकावर ओढला. "एकदम मोठा साठा केला. मग तुझ्या वडिलांचं कळलं, मी तिकडे आले तुझ्यापाशी. आणि परत आल्यावर पथ्यावर आणायचं डोक्यातून गेलं. पार गेलं. आत्ता या पोरीने सांगेपर्यंत गेलेलं होतं."

"मी विचारायला हवं होतं," वहिनी म्हणाली.

"काय विचारणार होतीस? आई, जेवणात काय घातलंत?"

"हो! तेच विचारायला हवं होतं!" वहिनी रडायला लागली, आणि आत्याने तिचा ओला हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, साडी भिजली तरी सोडला नाही.

आतोबा मला नंतर म्हणाले की त्यांना त्या क्षणी फक्त आपलं भाषण दिसत होतं. चौथ्या परिच्छेदापासून पुढे सगळं गेलं. "पण काय सांगू टिटवे," म्हणाले, "तुझी आत्या मला लग्नाच्या दिवशीही इतकी आवडली नव्हती." तेव्हा मात्र ते दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "अगं, मग मी शुक्रवारी बोलू काय?" आणि आत्या म्हणाली, "जरा कमी बोला." वहिनी रडता रडता हसली.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आत्या म्हणाली, "लॅपटॉप आण. आज कळवायचं."

दादा म्हणाला, "मंगळवारनंतर." आतोबा म्हणाले, "निदान शुक्रवारनंतर." म्हणजे बघ, दोघांच्या दोन तारखा! आत्या दोघांनाही म्हणाली, "निकाल टिटवीचा. आमच्याकडे ज्याचा प्रयोग त्याने कळवायचं असतं, आम्ही फक्त खाली सही करतो. हिला विचारा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आजच." कसं म्हटलं देव जाणे. दादा उठून गॅलरीत गेला, आणि तिथेच राहिला.

मग त्या दोघी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसल्या. ज्या नियतकालिकात पेपर आला होता त्यांना, आणि एक प्रत संस्थेच्या संचालकांना. निम्मं झटपट झालं. मग एका वाक्यावर अडलं. आत्याने लिहिलं, साठा मी बनवला, त्यात काय आहे ते लिहिलं नाही, चूक माझी. वहिनीने त्याच्याखाली लिहिलं, सीरमचा प्रकार मी न तपासता पेपरमध्ये नोंदवला, ही चूक माझी. आत्याने ते खोडलं. वहिनीने परत टाकलं. आत्याने खोडलं.

"याची गरज नाही."

"खरं आहे ते."

"खरं खूप काही असतं. सगळं लिहायचं नसतं. तुझी मंगळवारी बैठक आहे."

"तुम्हीच शिकवलंत ना, पद्धत म्हणजे जे केलं ते, जे नेहमी करतो ते नव्हे?"

"मी शिकवलेलं सगळं आत्ताच कशाला आठवतंय तुला?"

लोकांच्या घरी सासवा-सुना काय काय मागतात एकमेकींकडे. या दोघी दोषासाठी भांडत होत्या, माझा, माझा म्हणून! बाबा वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत होते, तेही उलटं धरून. शेवटी दोन मसुदे झाले, ते वाक्य असलेला आणि नसलेला. आत्या म्हणाली, "टिटवी पाठवेल. तिला वाटेल तो."

मग ती माझ्यामागे आत आली, मी पाणी पीत होते. माझी वेणी नीट करायचं निमित्त करून कानाशी म्हणाली, "माझा पाठव. माझं काय, मी चाललेच आहे. तिचं आख्खं आयुष्य पुढे आहे. आणि चूक माझीच होती, तू खोटं काहीच करणार नाहीस." आणि खरंच, खोटं काहीच नव्हतं त्यात! एक वाक्य कमी, एवढंच.

ती गेली आणि वहिनी आली. चहाचे कप घेऊन. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं वाक्य ठेव. ते काढून मिळालेल्या प्रयोगशाळेचं कुलूप मी रोज सकाळी उघडायचं, ते मला नाही जमणार."

मी बाबांकडे गेले. म्हटलं, सांगा ना. बाबा म्हणाले, "मी चष्मा देतो, बाळा. बघायचं ज्याचं त्याने."

मी टेबलाशी बसले. दोन्ही मसुदे उघडे. आणि मी वहिनीचा पाठवला. वाक्यासकट.

आत्याने प्रत उघडून वाचली. "माझं ऐकलं नाहीस," म्हणाली. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरं," आणि उठून कुंड्यांना पाणी घालायला गेली. दादा तिथेच गॅलरीत होता. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, तो मान हलवत होता, नाही, नाही.

मंगळवारी बैठकीतून कळवलं. प्रयोगशाळा सध्या कुणालाच नाही. नवा माणूस बाहेरून शोधणार. तोपर्यंत वहिनीने पेशी सांभाळायच्या. पदबिद काही नाही, नुसतं सांभाळायच्या. दादा माझ्याशी बोलत नाहीये. परवा जिन्यात भेटला तर घड्याळाकडे बघत खाली गेला.

आणि आज सकाळी, निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी, मी प्रयोगशाळेत गेले तर वहिनी खाणं बनवत होती. बाह्या वर करून, प्रत्येक बाटलीवर आत काय काय आहे ते सगळं लिहून. मला बघून हसली. म्हणाली, "बरं केलंस हं त्या दिवशी. खरंच बरं केलंस." मी म्हटलं, हुश्श! मग तिने एका बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. आणि म्हणाली, "फक्त एक सांगते, रागावू नकोस. मी कप घेऊन आले होते ना आत, तेव्हा मला वाटलं होतं, मी सांगतेय तसं सांगायचं माझं काम आहे. पण तू आईंचंच ऐकशील, असं मी धरून चालले होते."

म्हणजे काय गं? म्हणजे तिने मला सांगितलं ते मी ऐकू नये असं तिला वाटत होतं? की ऐकावं असंच वाटत होतं, आणि शिवाय प्रयोगशाळाही हवी होती? मी विचारणार होते, पण तिने पुढची बाटली उचलली, आणि तिचा हात इतका नीट, इतका सावकाश चालला होता की मला तोंडच उघडवेना.

आता बोल. आता "पण" म्हण, काय हवं ते म्हण. तू असतीस त्या टेबलाशी, दोन्ही समोर उघडे, आणि एकीचं ऐकायचं तर दुसरीचं मोडायचं, तर तू कुठला पाठवला असतास?